आबांची गार खोली

जळगावात आमच्या गल्लीच्या टोकाला आबांची दालमिल होती. मिलच्या ऑफिसाला लागून एक खोली होती आणि दुपारच्या वेळी तिच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला असायचा, त्यातल्या बहुतेक बायकांच्या. नवखा माणूस हमालांना विचारायचा, आत कुठला देव बसवलाय? हमाल सांगायचे, देव नाही, जावई बसवलेत.

जावई म्हणजे कॉम्प्युटर. हे नाव आबांनीच ठेवलेलं. त्याला वेगळी खोली लागते, गारवा लागतो, धूळ चालत नाही, वीज जरा कमीजास्त झाली की तो रुसून बसतो आणि त्याच्याशी बोलायचं कसं हे घरात कोणालाच कळत नाही, मग जावईच की तो, असं त्यांचं म्हणणं होतं. सकाळी मिलमध्ये आले की ते दारातूनच विचारायचे, जावई उठले का? उठले म्हटलं की समाधानानं मान हलवायचे आणि तुरीच्या पोत्यांकडे वळायचे. कॉम्प्युटरला ते स्वतः हात लावत नसत. खोलीत येऊन, हात पाठीमागे बांधून, पडद्याकडे बघत उभे राहायचे. त्यांच्या मिलचा सगळा माल त्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत सरकत जायचा आणि ते एखादं लग्न लागताना बघावं तसं गंभीरपणे बघत राहायचे.

आबा उंच, काटकुळे. अंगात पांढरा सदरा-पायजमा आणि फेब्रुवारी संपला की डोक्यावर टोपीऐवजी ओला पंचा. बोलता बोलता कुठल्याही पोत्यात हात घालून डाळीचा दाणा दाताखाली फोडायची सवय होती, त्यामुळे त्यांच्या वाक्यात मधेच 'कट्' असा आवाज यायचा आणि आमचं लक्ष उडायचं. कोणीही भेटायला आलं, मग तो अडत्या असो, सेल्सटॅक्सचा साहेब असो की भांडायला आलेला शेजारी, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. बसा, आधी घाम वाळू द्या. एकदा बारदानाच्या गोडाऊनला बारीकशी आग लागली. हमालांनी ती विझवली आणि मग अग्निशामक दलाची गाडी आली. उतरलेल्या लोकांनाही आबांनी हेच सांगितलं आणि मठ्ठा पाजून परत पाठवलं.

कॉम्प्युटर आला तो त्यांच्या मुलासाठी. एकुलता एक मुलगा, पुण्यात इंजिनिअर झालेला. त्यानंच वडिलांना पटवलं की यापुढे मिल चालवायची तर हे यंत्र पाहिजे. आबांनी खोली बांधली, तिला डबल दार केलं, गल्लीतला पहिला एसी बसवला. तो एसी बसेपर्यंत मुलाला एका कंपनीनं उचललं आणि तो अमेरिकेला निघून गेला. 'जावई घरात आला आणि मुलगा बाहेर गेला,' असं आबा हसत हसत सांगायचे. हसायचे खरे, पण ते सांगून झालं की लगेच उठून कुठल्या तरी कामाला लागायचे.

मग माणूस शोधणं सुरू झालं. आज कोणाला खरं वाटणार नाही, पण नव्वद सालाच्या आगेमागे जळगावात कॉम्प्युटर विकणारा सापडायचा, चालवणारा सापडायचा नाही. मशीन बिघडलं तर नाशिकहून माणूस यायचा, तोही त्याच्या सवडीनं. आबांनी पेपरात जाहिरात दिली. पुण्याहून एक जण मुलाखतीला निघाला, मे महिन्यात भर दुपारी जळगावच्या स्टँडवर उतरला आणि त्याच बसनं परत गेला म्हणतात. ही गोष्ट आबाच सांगायचे, तेव्हा ती खरी असेलच असं नाही. जी गावातली पोरं यायची ती हुशार असायची. आबांच्या मशीनवर शिकायची, हात बसला की पुण्याच्या कंपनीत अर्ज करायची आणि जायची. प्रत्येकाच्या जाण्याच्या दिवशी आबा शेतावर निघून जायचे. निरोप द्यायला कधी थांबले नाहीत.

या धक्क्यांतून त्यांनी मुलाखतीची स्वतःची एक पद्धत काढली. कॉम्प्युटरबद्दल ते काहीच विचारत नसत. त्यातलं आपल्याला कळत नाही, मग विचारून फसवून कशाला घ्यायचं? ते विचारायचे, घर स्वतःचं आहे का? स्लॅब टाकलाय का? विहिरीला पाणी किती? मामाचं गाव कुठलं? बहीण कुठे दिली? ज्यानं घराला स्लॅब टाकला तो गाव सोडत नाही, हा त्यांचा ठाम सिद्धांत होता. सावद्याचा एक मुलगा या परीक्षेत पहिला आला. दुमजली घर, केळीची बाग, आत्या-मावश्या सगळ्या रावेर तालुक्यात. आबांनी त्याच्यासाठी पेढे आणले. वर्षाच्या आत तो पुण्याला गेला. घर भाड्यानं दिलं आणि त्या भाड्यातून पुण्यातल्या खोलीचं भाडं भागवू लागला. स्लॅबच त्याच्या उपयोगी पडला, असं आबा कितीतरी दिवस स्वतःशी पुटपुटत होते.

याच सुमारास ते आमच्या घरी आले. मी धुळ्याची. बी.एस्सी. झाले, गणित घेऊन. लग्नाआधी धुळ्यात कॉम्प्युटरचा वर्षभराचा कोर्स केला होता आणि प्रमाणपत्र लग्नातल्या साड्यांबरोबर ट्रंकेत ठेवून जळगावात आले होते. घरात आम्ही तिघंच. माझे मिस्टर, त्यांची आई आणि मी. मिस्टर एका विनाअनुदानित शाळेत शिकवायचे, म्हणजे पगार आज होईल, उद्या होईल अशी नोकरी. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची. सासरे फार लवकर गेले होते. या एका मुलाला त्यांनी शिवणकाम करून वाढवलं होतं आणि मुलगा नजरेसमोर असणं हेच त्यांचं मोठं सुख होतं.

आबा आले होते ते मिस्टरांना विचारायला, की तुमच्या शाळेतला एखादा माजी विद्यार्थी कॉम्प्युटर शिकलेला आहे का. मिस्टर भोळेपणानं म्हणाले, विद्यार्थी नाही, पण हिनं कोर्स केलाय. आबांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. इंदूरपर्यंत माणूस शोधून आलो आणि माणूस गल्लीत गहू निवडतंय, असं ते म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागले की मीच ओशाळले. आमच्याशी ते शहरी मराठी बोलायचे. पण ते मूळ पारोळ्याकडचे आणि अक्का अमळनेरच्या, त्यामुळे त्या दोघांचं बोलणं अहिराणीत. अक्कांकडे वळून त्यांनी सरळ मागणीच घातली. सून मिलमध्ये पाठवा. दुपारी चार तास. बाहेरच्या माणसाचा पाय त्या खोलीत पडणार नाही.

अक्कांचा बायकांनी काम करण्याला विरोध नव्हता. त्यांनी स्वतः जन्मभर मशीन चालवलं होतं, शिवणाचं का होईना. त्यांना भीती वेगळीच होती, मुलगा दुरावण्याची, आणि ती त्यांनी लपवली नाही. 'आबा, तुम्हनाकडे जे शिकस ते पुण्याले जास. उद्या हाई बी गई, आनि मना पोऱ्याले बी लई गई, मंग मी कोनकडे देखू?'

आबांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, 'अक्का, तुम्हनी सून जावाव नही. हाऊ मना शबुद.'

सून जाणार नाही, असा शब्द आबांनी दिला, आणि आबांचा शब्द म्हणजे काय हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं. त्यांचे सौदे तोंडी व्हायचे. भाव नंतर चढो की पडो, बोलल्याप्रमाणे माल जायचा. अक्कांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी मी मिलमध्ये गेले.

माझा हात बसलेला पाहिला आणि आबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरं जातात, सुना जात नाहीत. गल्लीत, पलीकडच्या आळीत, व्यापाऱ्यांच्या घरांत शिकलेल्या सुना बसून आहेत. कोणी अकोल्याची बी.कॉम., कोणी इंदूरची एम.ए., आणि सगळ्यांची दुपार एकच, जेवण झालं की भांडी आणि मग झोप. आबा घरोघर जाऊ लागले. निमित्त कधी भागवत सप्ताहाचं, कधी नळाच्या पाण्याचं, पण बोलता बोलता विचारायचे, धाकली किती शिकलीय? काही घरांत लोकांना वाटलं म्हातारा कोणाचं तरी स्थळ बघतोय. एका घरानं तर सून आधीच लग्न झालेली आहे याची त्यांना आठवण करून दिली.

अडचण होती सासवांची. त्या एकट्या सुनेला पाठवायला तयार नव्हत्या. आबा म्हणाले, मग तुम्हीही या. आणि इथे त्यांच्या एसीनं असं काम केलं, जे कुठल्याही युक्तिवादानं झालं नसतं. जळगावचा उन्हाळा ज्यानं भोगलाय त्याला सांगायला नको. भिंतीला पाठ लावली तर भाजायची, पंखा लावला की झळा अंगावर यायच्या. अशा दुपारी अख्ख्या वस्तीत एकच गार खोली, ती जावयाची. भिंतीशी सतरंजी टाकलेली. सुना मशीनपुढे आणि सासवा सतरंजीवर. पहिल्या आठवड्यात त्या पहारा द्यायला आल्या. नंतर जपाच्या माळा घेऊन आल्या, मग गोधडी घेऊन, कारण भर मे महिन्यात त्यांना थंडी वाजायची. पुढे पुढे घरात सून म्हणायची आज डोकं दुखतंय, जात नाही, तर सासूच तिला उठवायची. चल, त्या आबाचं काम खोळंबेल म्हणायची आणि गोधडी काखोटीला मारायची.

मशीन एक होतं त्याची दोन झाली, दोनाची तीन. मी सगळ्यांना शिकवायचे. बाजारातल्या बाकीच्या दुकानदारांची तीच रड होती. हार्डवेअरवाला, पाइपवाला, सावद्याचा केळीचा व्यापारी, सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे होता आणि चालवायला माणूस नव्हता. एकानं आमच्यातल्या एकीला जास्त पगाराचं आमिष दाखवलं. आबांना कळलं तेव्हा ते भांडायला गेले नाहीत, त्याला मिलमध्ये बोलावून घेतलं. बसा, आधी घाम वाळू द्या, झालं. मग म्हणाले, बाई तुमच्या दुकानात येणार नाही, तिची सासू तिथे बसणार कुठे? तुमचं कामच इकडे पाठवा. आणि खरोखर कामं येऊ लागली. सावद्याची बिलं एसटीच्या कंडक्टरकडून पिशवीतून यायची आणि छापलेले कागद संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. डाळीची धूळ लागू नये म्हणून फ्लॉप्या आम्ही स्टीलच्या पुरीच्या डब्यात ठेवायचो. एकेकट्या दुकानाला जो माणूस परवडला नसता, तो असा पाच-सहा जणांत मिळून परवडू लागला. आबांना कोणी याबद्दल शाबासकी दिली की ते म्हणायचे, माझं काही नाही, सगळं त्या गारव्याचं आहे.

पण एक गोष्ट ते विसरले, आणि तीही खानदेशातला माणूस असून. आखाजी.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे प्रत्येक सासुरवाशीण माहेरी जाते. जातेच. झोके बांधलेले असतात, आमरस असतो, खापरावरची पुरणपोळी असते, आणि त्या दिवसांत लेकीला कोणी काम सांगत नाही. नेमका तेव्हा तुरीचा सीझन भरात. आखाजीच्या आदल्या दिवशी आबा खोलीत आले तर तिन्ही मशीनवर कापड झाकलेलं. मुलं एकेक करून गेली होती, सुना सगळ्या एकदम गेल्या. सतरंजीवर तेवढ्या दोन-तीन सासवा गारव्याला बसलेल्या. मी धुळ्याला, कोणी अकोल्याला, कोणी जामनेरला. इकडे ट्रक उभे, आणि कोणत्या पार्टीचा कोणता माल हे फक्त जावयाला माहीत.

आबांनी आधी उलटा विचार करून पाहिला. सुना गेल्या म्हणजे गल्लीच्या लेकी आल्या असणार. एक लेक नाशिकला कॉम्प्युटरवरच होती. तिच्या घरी गेले. तिच्या आईनं त्यांना दारातच सांगितलं, आबा, पोर वर्षातून एकदा अंग टेकायला येते, तिला कामाला लावायला आलात तर चहासुद्धा देणार नाही. ते निमूट परत फिरले आणि जीप काढून थेट धुळ्याला आमच्या दारात.

मी लिंबाखाली झोक्यावर होते. आबांना पाहून मी पायानं झोका थांबवला. आता हे मला उठवून नेणार आणि वडील मिलच्या शेटला नाही म्हणू शकणार नाहीत. पण आबांनी मिलचा विषयच काढला नाही. आईनं वाढलेला आमरस त्यांनी पोटभर खाल्ला, वडिलांशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि निघताना हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाले, 'तू ऊठू नको. फक्त सांग, कुठली बटनं दाबायची.' मी झोक्यावर बसल्या बसल्या सांगितलं. त्यांनी एकेक बटण तोंडानं म्हणून दाखवलं, पाठ झाल्याची खात्री केली आणि त्या उन्हात परत गेले. त्या दिवशी आबांनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाच्या अंगाला हात लावला. मी परतले तेव्हा निम्मा माल भलत्याच पार्टीच्या नावावर पडला होता. ते निस्तरायला फार दिवस गेले. पण मला उठवलं नाही याचं मला तेव्हा जे वाटलं ते अजून तसंच आहे. माझ्या सख्ख्या नातेवाइकांपैकी कितीजणांनी माझी सुट्टी इतकी जपली असेल कोण जाणे.

त्यानंतर त्यांनी नियम केला की एकीचं काम दुसरीला आलंच पाहिजे आणि कोणीतरी सतत नवीन शिकत असलं पाहिजे. खोलीत एक खुर्ची शिकणारीची म्हणून कायम राखून ठेवली.

पुढच्या वर्षी पुण्याच्या कंपनीचा एक इंजिनिअर नवीन मशीन बसवायला आला. पोत्यांच्या हिशेबासाठी मी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता, तो त्यानं पाहिला. कोणी लिहिला विचारलं, अजून काय काय येतं विचारलं आणि गेला. काही दिवसांनी मिलच्या फोनवर त्याच्या साहेबांचा फोन आला. माझ्यासाठी पुण्यात नोकरी होती, आधी शिकवणार होते आणि मग काम देणार होते. आमच्या घरी फोन नव्हता. हा निरोप आबांनी घेतला. मनात आणलं असतं तर तो त्यांच्या डाळीच्या पोत्यांत कायमचा पुरला गेला असता आणि मला कधी पत्ता लागला नसता.

दुसऱ्या दिवशी ते खोलीत येऊन माझ्या पाठीशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, पुण्याहून फोन होता, तुला बोलावलंय. मी हसून म्हटलं, मी कुठली जाते आबा, तुमचा शब्द आहे. मी चेष्टेनं बोलले होते. ते हसले नाहीत.

मला जायचं होतं. फार जायचं होतं. मिस्टरांना शाळेनं अजून कायम केलं नव्हतं, पुण्यात त्यांनाही बरी नोकरी मिळाली असती. पण ते सगळं नंतर. खरं म्हणजे मला तो प्रोग्रॅम लिहिताना रात्रंदिवस दुसरं काही सुचलं नव्हतं आणि आपल्याला जे येतं ते किती थोडं आहे हेही तेव्हाच कळलं होतं. घरी मी विषय काढला. अक्का एवढंच म्हणाल्या की आबांनी शब्द दिलाय. पुण्याला आमच्याबरोबर चला म्हटलं, तर म्हणाल्या, तिथे मला ओळखतं कोण? मिस्टर आईच्या पुढे कधी बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. मी कंपनीला नकार कळवायचं ठरवलं. आबांचा शब्द आणि आबांचा फायदा दोन्ही एकाच बाजूला होते, मग माझ्या बाजूनं बोलणार कोण?

त्या संध्याकाळी आबा घरी आले. मी स्वयंपाकघरात होते. अक्का दारापुढच्या ओट्यावर बसल्या होत्या. घाम वाळू द्या वगैरे काही न म्हणता आबा उभ्या उभ्याच म्हणाले, 'अक्का, मी मना शबुद परत मांगाले येल शे.'

अक्कांना वाटलं चेष्टा करतात. मग चेहरा बघून त्यांचा आवाज चढला. 'शबुद म्हणजे उसनं पीठ शे का, परत मांगाले?'

आबा खाली बसले. पंचा डोक्यावरून काढून मांडीवर ठेवला. त्यांनी सांगितलं ते मला दाराआडून ऐकू येत होतं. म्हणाले, शब्द दिला तेव्हा मला वाटलं होतं, चार बटणं दाबायला शिकेल आणि दाबत राहील. पण ही पुढे गेली, इथल्या सगळ्यांची मास्तरीण झाली. 'तिनं बठ्ठास्ले शिकाडं, अक्का. आते तिले शिकाडनारं आठे कोन शे?'

चहा उतू जात होता आणि डोळ्यांतल्या पाण्यानं मला तो दिसत नव्हता, चरचर ऐकून मी गॅस बंद केला. अक्कांच्या मनात जे होतं ते शेवटी बाहेर आलं, आणि ते माझ्याविषयी नव्हतंच.

'आबा, तुम्हना पोऱ्या गया, तवय तुम्ही त्याले ऱ्हाय म्हनं व्हतं का?'

'नही.'

'म्हनं असतं तर थांबता का तो?'

'थांबता,' आबा म्हणाले. 'त्याकरताच म्हनं नही.'

बाहेर गल्लीत कोणाची तरी सायकल गेली. अक्का उठून आत आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी चहाचं भांडं स्वतः उचललं, कपात ओतलं आणि बाहेर नेऊन आबांच्या पुढे ठेवलं. मग म्हणाल्या, घ्या तुमचा शब्द. एवढंच. त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

आबांनी चहा घेतला. कप खाली ठेवून ते उठले, पंचा डोक्याला गुंडाळला आणि दारात चपला घालता घालता एकदम थांबले. शेजारच्या घराकडे बघत त्यांनी अगदी सहज आवाजात विचारलं, 'अक्का, शेजारनी धाकली सून कितली शिकेल शे?'

अक्का डोळे पुसत म्हणाल्या, 'बारावी. पन आबा, या टाईमले तिनी सासूले शबुद देऊ नका.'